उत्तर कोरिया: नागपुरात बसून अभ्यासायचा तर कसा?

शुभदा_धरमपेठ · रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. मी इथे एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. एम.ए.च्या तुलनात्मक राजकारणात हुकूमशाही राजवटी आल्या की वर्गाची गाडी हमखास उत्तर कोरियावर जाऊन थांबते. मग जे ऐकायला मिळतं ते सगळं रील्समधलं: तिथे म्हणे सगळ्या पुरुषांना किमसारखेच (किम जोंग-उन, तिथला सध्याचा हुकूमशहा) केस ठेवावे लागतात, किमने काकाला कुत्र्यांपुढे टाकलं, किम कधीच मेलाय पण लपवून ठेवलंय. यंदा काही मुलांनी लघुप्रबंधालाच हा देश घेतला आहे. त्यांना नाही म्हणायची माझी इच्छा नाही, पण रील्सचा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही. म्हणून हा धागा.

आधी त्या कुत्र्यांचा निकाल लावू. जांग सोंग-थेक (काका नव्हे, आत्याचा नवरा) याला १२ डिसेंबर २०१३ रोजी मृत्युदंड दिला आणि दुसऱ्या दिवशी सरकारी वृत्तसंस्थेनेच ते जगाला सांगितलं. कुत्र्यांची गोष्ट चीनमधल्या समाजमाध्यमावर कुणीतरी थट्टेने लिहिली होती. हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्राने ती खरी समजून छापली, तिथून सिंगापूर, तिथून जगभर. गायिका ह्योन सोंग-वोलला गोळ्या घातल्याची बातमी २०१३ च्या ऑगस्टमध्ये सेऊलच्या मोठ्या वर्तमानपत्राने दिली होती. बाई २०१४ च्या मे महिन्यात टीव्हीवर दिसल्या आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी कलापथक घेऊन थेट दक्षिणेत आल्या. उलट बाजूही बघा. आताच्या किमचा बाप किम जोंग-इल १७ डिसेंबर २०११ ला गेला, घोषणा १९ तारखेला झाली. मधले दोन दिवस दक्षिणेच्या गुप्तचर खात्यालाही पत्ता नव्हता.

माझं मत असं: माहिती पुष्कळ आहे. अडचण ही की ती देणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या बाजूला कललेला असतो. सरकारी वर्तमानपत्राचा कल एक, पळून आलेल्या माणसांचा दुसरा, गुप्तचर खात्यांचा तिसरा. पण हा कल रोज बदलत नाही, त्यामुळे तो हिशेबात धरता येतो.

मुलं सरकारी मजकूर आधी फेकतात, "सगळा प्रचार आहे मॅडम" म्हणून. मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. जांगवरचे आरोप वाचा. त्याने टाळ्या मनापासून वाजवल्या नाहीत असाही एक आरोप आहे, त्यावर मुलं हसतात आणि पुढचं वाचतच नाहीत. पुढे लिहिलंय की २००९ मध्ये बेसुमार नोटा छापून अर्थव्यवस्थेत गोंधळ माजवला त्यामागे हाच होता. नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारने १०० जुन्या वॉनला १ नवा वॉन असा बदल केला, बदलून घ्यायच्या रकमेवर मर्यादा घातली आणि बाजारातून चार पैसे गाठीला बांधलेल्यांची बचत एका झटक्यात गेली. बाहेरचे लोक हे सांगत होतेच. चार वर्षांनी एका माणसाला बळी देताना सरकारने स्वतःच्या तोंडाने गोंधळ झाल्याचं कबूल केलं. हा प्रचारच आहे, पण पुराव्याच्या योग्यतेचा.

कायद्यांचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये परक्या विचारांच्या आणि संस्कृतीच्या विरोधात कायदा केला, दक्षिणेतल्या मालिका वाटणाऱ्याला कडक शिक्षा. जानेवारी २०२३ मध्ये बोलण्यात दक्षिणेची ढब आणणाऱ्यांविरुद्ध आणखी एक. कोणी बघतच नसतं तर एवढा खटाटोप कशाला?

आता प्रश्न. कोरियन येत नाही, पैसे नाहीत, तिकडे जाता येत नाही. रामदासपेठेतलं विद्यापीठाचं ग्रंथालय आणि घरचं इंटरनेट, एवढ्यावर काय करता येईल? जाणकारांनी लिहावं.

बुटीबोरीवाला · रविवार, सकाळी ११:०५

मॅडम, राग नका मानू, पण एक सांगा, पोट्ट्यांनी कोरिया कायले पाह्यजे? मिहानमधे (आपल्या विमानतळाजवळचा तो प्रकल्प) म्हनावं तश्या नोकऱ्या काहून नाही आल्या, त्याच्यावर लिहा म्हना ना प्रबंध. त्या किमले आपलं काय देणं-घेणं हाये?

ओजस_एमए · रविवार, सकाळी ११:३१

भाऊ, मिहानवर आमच्या वर्गात तिघं लिहून राहिले आहेत. एकाच विषयावर किती जण बसवाल?

मी शुभदा मॅडमच्याच वर्गातला. माझी अडचण अशी की एका पुस्तकात दुष्काळात ३० लाख मेले लिहिलंय, दुसऱ्यात ६ लाख, तिसऱ्या लेखात अडीच ते चार लाख. एवढा फरक असेल तर कोणताच आकडा लिहू नये का?

आकडेमोड · रविवार, दुपारी ३:४८

ओजस, आकडा लिही, पण तो कसा निघाला तेही त्याच्याच शेजारी लिही. मी सांख्यिकी खात्यात नोकरी केली, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा. जरा लांबण लागेल.

१९९० च्या दशकात सोव्हिएत मदत आटली, पाठोपाठ १९९५ चे पूर आले, आणि सरकारी धान्यवाटप कोसळलं. तिकडे त्याला 'खडतर वाटचाल' म्हणतात. हे वाटप म्हणजे आपल्या रेशनसारखं जोडधान्य नव्हे. शहरी माणसाचं जवळपास सगळं धान्य तिथूनच यायचं, मग ते बंद पडल्यावर काय झालं असेल! सर्वांत आधी आणि सर्वांत वाईट फटका ईशान्येच्या उत्तर हामग्योंग प्रांताला बसला. औद्योगिक पट्टा, शेती कमी. चीनची सीमाही तिथेच, म्हणून पळून आलेले बहुतेक तिथलेच. १९९० च्या अखेरीस संशोधकांनी चीनमध्ये त्यांच्या मुलाखती घेतल्या, घरात किती होते, किती गेले हे विचारलं, आणि त्या एका प्रांताचा मृत्युदर काढला. अभ्यास चांगला होता आणि त्यांनी मर्यादाही लिहिल्या होत्या. पण नंतर इतरांनी तोच दर सगळ्या देशाला लावला. तीस लाखांपर्यंतचे आकडे असे फुगले.

मग २००८ ची जनगणना आली. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने केलेली. एकूण लोकसंख्या २,४०,५२,२३१. त्याआधीची १९९३ ची होती, साधारण २ कोटी १२ लाख. दोन जनगणना हाती आल्या की लोकसंख्याशास्त्राचं काम सुरू होतं: १९९३ मध्ये ज्या वयाचे इतके होते, ते पंधरा वर्षांनी किती उरायला हवेत आणि किती उरले. असं करत गेल्यावर आकडा दहा लाखांच्या खाली येतो. एका अभ्यासात २.४ ते ४.२ लाख, दुसऱ्यात पाच लाखांच्या आसपास. गृहीतकं वेगळी म्हणून उत्तरं वेगळी.

आता तू म्हणशील, हुकूमशहाच्या जनगणनेवर विश्वास कसा ठेवायचा. त्याच जनगणनेत प्रांतवार बेरीज केली तर ती एकूण आकड्यापेक्षा सुमारे ७ लाखांनी कमी भरते. ते सात लाख म्हणजे छावण्यांतले सैनिक. एकूण दाखवले, प्रांतात दाखवले नाहीत. बाहेरचे लोक सैन्य दहा लाखांच्या वर धरतात. म्हणजे झाकायचं ते झाकलं, पण झाकलेल्या जागेचं माप बेरजेत राहून गेलं. पूर्ण बनावट तक्ते असे नसतात. पूर्ण बनावट तक्त्यात बेरीज बरोबर येते.

डॉक्टरकाका · रविवार, रात्री ९:२०

आकडेमोड यांच्या प्रतिसादाला जोडून. मेयो रुग्णालयातून निवृत्त झालो, उमेदीची वर्षं मेळघाटात काढली, त्यामुळे कुपोषणाचे तक्ते दिसले की नजर जातेच.

वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं: उत्तर कोरियात १९९८ मध्ये ६२ टक्के, २०१२ मध्ये २८, २०१७ मध्ये १९. ही सर्वेक्षणं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागाने झालेली आहेत. १९९८ मध्ये बरेच जिल्हे परदेशी लोकांना बंद होते, ते त्यात नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ चा भारताचा आकडा ३५.५ आहे, महाराष्ट्राचा ३५.२.

बुटीबोरीवाला · रविवार, रात्री ९:२६

म्हंजे डॉक्टर, तिथले पोट्टे आपल्यापेक्षा बरे? हे काय सांगून राह्यले तुमी!

विदर्भवीर_७७ · रविवार, रात्री ९:४१

ज्यांना किम एवढा आवडतो त्यांनी तिकडेच जावं. इथल्या लोकशाहीत बसून लोकशाहीलाच नावं ठेवायची हौस काही लोकांना असतेच. आणि ज्या पक्षाने साठ वर्षं

(या प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे.)

प्रशासक · रविवार, रात्री ९:५८

आपल्याकडच्या पक्षांचं राजकारण इथे नको. त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहताहेत.

डॉक्टरकाका · सोमवार, सकाळी ६:५०

किम आवडण्याचा प्रश्न कुठून आला? मी उंची मोजलेली सांगतोय.

बुटीबोरीवाले, तुमचा प्रश्न रास्त आहे. २०१७ च्या त्याच सर्वेक्षणात प्याँगयांगचा आकडा १० टक्के आहे आणि चीन सीमेवरच्या डोंगराळ रियांगांग प्रांताचा ३२. राजधानी आणि रियांगांग यांच्यात तिप्पट अंतर, आणि ते सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या सहीने छापलेलं. समतेच्या गप्पा मारणाऱ्या सरकारला आकडे रंगवायचेच असते तर पहिली ही दरी बुजवली असती. म्हणून मला ते सर्वेक्षण बऱ्यापैकी खरं वाटतं. ते खरं मानलं की दोन गोष्टी एकदम गळी उतरवाव्या लागतात: दुष्काळानंतर तिथल्या मुलांची स्थिती खरोखर सुधारली, आणि राजधानीत राहायला मिळणं हाच तिथे सर्वांत मोठा सरकारी लाभ आहे. मेळघाट आणि धरमपेठ यांची तुलना केली तर आपल्याकडे काय दिसेल, तो वेगळा धागा काढा, मी येतो.

आकडेमोड · सोमवार, सकाळी ८:१५

डॉक्टरसाहेब, सहमत, फक्त एक पुरवणी. २०१७ चा तक्ता आजच्या स्थितीला लावू नये. जानेवारी २०२० मध्ये सीमा बंद झाली, २०२१ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे परदेशी कर्मचारीही निघून गेले. त्यानंतर तिथल्या मुलांची उंची बाहेरच्या कोणी मोजलेली नाही.

सेऊलकरीण · सोमवार, दुपारी १:३०

सक्करदऱ्याची आहे, काही वर्षांपासून सेऊलमध्ये. धागा बघून लिहायचा मोह आवरला नाही. इथे उत्तरेतून आलेल्या तरुणांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका गटात मी जाते, त्यामुळे त्या बाजूचं थोडं सांगते. कुणाच्या घरचं काही सांगणार नाही, त्यांचे नातेवाईक अजून तिकडे आहेत.

दक्षिणेत आजवर सुमारे ३४ हजार जण आलेत. सर्वाधिक आले २००९ मध्ये, २,९१४. सीमा बंद झाल्यावर २०२१ मध्ये फक्त ६३. एकूणात सत्तर टक्क्यांहून जास्त बायका, आणि बहुतेक उत्तर हामग्योंग व रियांगांगच्या. बायकाच का जास्त? पुरुषाला सरकारी कामाच्या जागी हजेरी लावावीच लागते, पगारात काही मिळो न मिळो. लग्न झालेली बाई गृहिणी म्हणून नोंदवून घेऊ शकते, म्हणजे तिला बाजारात बसता येतं. दुष्काळात घरं चालवली ती या बायकांनी. तांदूळ, सोयाबीनचं टोफू, चीनहून आलेले कपडे, जे मिळेल ते विकून. तोच व्यापार सीमेपर्यंत गेला आणि सीमेपलीकडची वाटही त्यांनाच आधी कळली. २००३ मध्ये सरकारने बाजारांना रीतसर मान्यता दिली. आता उपग्रहाच्या छायाचित्रांतून असे चारशेहून अधिक अधिकृत बाजार मोजलेत, आणि गाळ्यांचं भाडं सरकारच घेतं.

दक्षिणेच्या एकीकरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६,३५१ जणांच्या मुलाखतींवरचा मोठा अहवाल काढला. २०१६ नंतर निघालेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले की सरकारी धान्य कधी मिळालंच नाही. आता शुभदाताईंचा कल लावून बघा. उत्तर देणाऱ्यांत ८० टक्क्यांच्या वर बायका, ८० टक्क्यांच्या वर सीमाभागातले. प्याँगयांगच्या कारकुनाला विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. म्हणून 'देशातल्या सत्तर टक्के लोकांना रेशन नाही' असं ओजसने लिहिलं तर ते चूक. 'सीमाभागातल्या बायकांच्या सांगण्यानुसार' एवढं जोडलं की तेच वाक्य फार मोलाचं होतं, कारण तिथल्या बाजाराबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

साक्षींचं अजून एक. शिन दोंग-ह्योक नावाचा तरुण राजकीय कैद्यांच्या छावणीतून पळालेला म्हणून जगप्रसिद्ध झाला होता. जानेवारी २०१५ मध्ये त्याने आपल्या कहाणीतले काही भाग बदलले, कुठल्या छावणीत काय घडलं तेही. इंटरनेटवर लगेच 'सगळंच खोटं' सुरू झालं. पण मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्र आयोगाने २०१४ चा अहवाल ८० हून अधिक जाहीर साक्षी आणि २४० गोपनीय मुलाखतींवर उभा केलाय. एकाची साक्ष डळमळली म्हणून तो पडत नाही. शिवाय इथे मुलाखतीला पैसे देण्याची पद्धत आहे. जितकी कहाणी भयंकर तितकी मागणी, हे आमच्या गटातली मुलंसुद्धा बोलून दाखवतात. त्यातली एक मुलगी वैतागून म्हणाली होती की मला सगळे छावण्यांबद्दल विचारतात, मी तर छावणी पाहिलीच नाही, मी शाळेत जात होते.

त्या शाळेबद्दल, शेजाराबद्दल विचारा, तिथे समाज दिसतो. वीस-चाळीस घरांचा एक गट असतो, 'इन्मिनबान', त्याची प्रमुख बहुधा बाईच. कोणाकडे पाहुणा आला, कोण रात्री घरी नाही, सगळं तिला ठाऊक. शिवाय ज्याच्या त्याच्या संघटनेत आठवड्याला बैठक, त्यात आपली चूक सांगायची आणि दुसऱ्याचीही. मैत्रिणी आधीच ठरवून घेतात, या आठवड्यात मी तुझं सांगते, पुढच्या आठवड्यात तू माझं, आणि सांगायचं काहीतरी किरकोळ. नियंत्रण आहे आणि त्यातून काढलेली पळवाटही. एक धरून दुसरं सोडलं तर अर्धाच समाज दिसतो.

ओजस_एमए · सोमवार, दुपारी २:०२

ताई, आणि ते 'सोंगबुन'? कुठे जातिव्यवस्था म्हणतात, कुठे वर्ग. नक्की काय?

सेऊलकरीण · सोमवार, रात्री ८:४४

घराण्याची राजकीय प्रतवारी समज. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून सरकारने प्रत्येक कुटुंबाची चौकशी करून तीन मोठे गट पाडले: निष्ठावान, डळमळीत आणि शत्रू. त्यांच्या आत पन्नासेक पोटप्रकार. आजोबा जपानी राजवटीत जमीनदार होते की कूळ, युद्धात कोणाकडून लढले, कुणी दक्षिणेत पळालं का, यावर नातवाचं कॉलेज, सैन्यातली जागा, प्याँगयांगमध्ये राहणं ठरायचं. जन्मावर ठरतं म्हणून आपल्या लोकांना लगेच जात आठवते. पण हे कागदावर आहे, फाइल सरकारकडे आहे, आणि वरच्याची मर्जी गेली की एका रात्रीत घराणंच्या घराणं खाली येतं. विटाळ, रोटीबंदी असलं काही नाही. लग्नं मात्र बघूनच करतात. बाजार आल्यावर पैशाने यातलं काही विकत घेता येऊ लागलं. चीनशी नातेसंबंध असलेली कुटुंबं पूर्वी संशयित होती, पुढे त्याच नात्यांवर त्यांचा धंदा उभा राहिला.

शुभदा_धरमपेठ · सोमवार, रात्री ९:३०

जातीशी तुलना वर्गात झालीच पाहिजे असं माझं मत. दीक्षाभूमीच्या शहरात ती टाळता येणारही नाही. पण 'सारखंच आहे' इथे थांबू नये. राज्यसंस्थेने वरून लादलेली उतरंड आणि राज्यसंस्थेआधीपासून समाजात मुरलेली उतरंड, यांतून बाहेर पडायच्या वाटाही वेगळ्या असतात.

जुनाफौजी · मंगळवार, सकाळी ७:१०

कामठीहून रामराम. मी पुस्तकी माणूस नाही. पण सगळे सेऊल, चीन, अमेरिका करून राहिले आणि आपली पलटण कोणाला आठवली नाही, म्हणून लिहितो.

१९५० च्या नोव्हेंबरात आपली ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स कोरियात उतरली, ले. कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. जुलै १९५३ मध्ये युद्धविराम झाला तेव्हा २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी घरी परत जायला तयार नव्हते. त्यांचं काय करायचं ते ठरवायला तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. कैद्यांच्या पहाऱ्याला भारतीय फौज गेली, तिचे सेनापती मेजर जनरल थोरात, आपले कोल्हापूरचे. दोन्ही बाजूंचे अधिकारी येऊन कैद्यांना समजावायचे आणि आमचे जवान मधे उभे. शेवटी ८८ जण म्हणाले, उत्तर नको, दक्षिणही नको, चीनही नको. ते १९५४ मध्ये आपल्या फौजेबरोबर भारतात आले. पुढे बरेच जण ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले.

शुभदा_धरमपेठ · मंगळवार, सकाळी ७:५५

सुभेदारसाहेब (पद चुकलं असेल तर सांगा), तुम्ही धाग्याला वेगळीच दिशा दिलीत. त्या आयोगाने कामाबद्दल जे लिहून ठेवलं आहे त्यात एक गोष्ट वारंवार येते: कैद्यांच्या आवारांत त्यांचेच म्होरके होते, त्यांची दहशत होती, त्यामुळे 'मी परत जात नाही' हे किती मनाचं आणि किती धाकाचं हे ठरवणं अवघड होतं. साक्षीमागचा दबाव हिशेबात धरायचा, हे आज सेऊलकरीणताई सांगताहेत. आपल्या अधिकाऱ्यांपुढे हाच प्रश्न १९५३ मध्ये होता, आणि त्यांचा कागद इंग्रजीत आहे. कोरियन न येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही.

भारताचं पुढचं नातंही थोडक्यात सांगून ठेवते. १० डिसेंबर १९७३ ला राजनैतिक संबंध सुरू झाले. डेहराडूनच्या अवकाश-प्रशिक्षण केंद्रात उत्तर कोरियाचे विद्यार्थी शिकून गेले आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर बोट ठेवलं. २०१७ मध्ये आपण अन्न-औषधं सोडून व्यापार थांबवला. २०१८ मध्ये राज्यमंत्री व्ही. के. सिंग तिकडे जाऊन आले. प्याँगयांगमधला आपला दूतावास २०२१ मध्ये रिकामा झाला आणि २०२४ च्या शेवटी पुन्हा माणसं गेली. दोन्ही कोरियांत दूतावास असणं ही आपल्या अभ्यासकांची जमेची बाजू आहे, आणि आपण ती फारशी वापरत नाही.

जुनाफौजी · मंगळवार, सकाळी ८:२०

सुभेदार बरोबर. मानद कॅप्टन होता होता राहिलो.

बुटीबोरीवाला · मंगळवार, रात्री १०:३५

धागा सगळा वाचला. मॅडमचं ते जांगवालं मजकूर इंग्रजीत मिळालं, तेही वाचलं. त्यात एक गोष्ट माह्या नजरेत भरली. डिसेंबरच्या ८ तारखेच्या बैठकीचा जो अहवाल हाये, त्यात लिवलं हाये का देशाची खनिजं याने सस्त्यात विकली. १३ तारखेच्या मजकुरात कोळशाचं नाव घेऊन सांगतेत.

आता मी चंद्रपूर-वणीचा कोळसा पाहून मोठा झालेला मानूस. कोळसा सस्त्यात विकला म्हनलं का माह्या डोक्यात पयला सवाल, कोनाच्या भावाच्या मानानं सस्ता? खरेदीदार तर एकच होता, चीन. एकच गिऱ्हाईक असल्यावर भाव तोच ठरवते, जांग असो का कोनी. आन २०११ नंतर जगात कोळशाचा भावच पडत गेला. मंग त्यानं खरंच सस्त्यात विकला, का मंदीचं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं? का कोळशाचा धंदा सैन्याले पाह्यजे होता आन याच्या मानसाईकडं होता म्हून गेम केला? हे पाहाले पाह्यजे.

शुभदा_धरमपेठ · मंगळवार, रात्री १०:५१

भाऊ, तुम्ही मिहान सोडून इकडे या.

हा प्रश्न तपासता येतो. चीनचं सीमाशुल्क खातं आयातीचे आकडे देतं, टनही आणि डॉलरही. २०१३ मध्ये उत्तर कोरियाकडून चीनने १.६ कोटी टनांहून जास्त अँथ्रासाइट (कठीण, वरच्या प्रतीचा कोळसा) घेतला. तोच माल व्हिएतनामही चीनला विकत होता. दोघांचे टनामागचे डॉलर वर्षवार शेजारी ठेवायचे. उत्तर कोरियाचा भाव आधीपासूनच खाली असेल आणि २०१३ नंतर, म्हणजे जांग गेल्यावरही, तसाच राहिला असेल, तर तो आरोप म्हणून लंगडा पडतो. ओजस, ऐकतो आहेस ना?

ओजस_एमए · मंगळवार, रात्री ११:०४

ऐकतोय मॅडम. म्हणजे दुष्काळ सोडून कोळसा घेऊ? २०१७ पर्यंतचेच आकडे घ्यायचे ना? संयुक्त राष्ट्रांच्या ऑगस्ट २०१७ च्या निर्बंधांनंतर तर निर्यात बंदच झाली.

बुटीबोरीवाला · मंगळवार, रात्री ११:१२

कागदावर बंद झाली. समुद्रात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात माल जाऊन राह्यला होता, हे संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी फोटोसकट लिवलं हाये. आन ते तज्ज्ञ मंडळच २०२४ मधे रशियानं नकाराधिकार वापरून बंद पाडलं. म्हून २०१७ नंतरचं शून्य घेऊ नको, तिथं तुले फसवनूकच दिसन.

आकडेमोड · बुधवार, सकाळी ७:४०

दोन सूचना. एक, व्हिएतनामच्या मालाचा दर्जा वेगळा असू शकतो, राखेचं प्रमाण, उष्मांक वगैरे. नुसता टनामागचा भाव लावला तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील, तेव्हा दोन देशांच्या भावांतलं अंतर बघण्यापेक्षा ते अंतर वर्षागणिक कसं बदललं ते बघ. दोन, मासिक आकडे मिळत असतील तर वार्षिक घेऊ नकोस. डिसेंबरमध्ये मारलेल्या माणसाचा परिणाम वार्षिक सरासरीत हरवतो.

ओजस_एमए · बुधवार, सकाळी ९:१८

मासिकच घेतो काका. २०१० ते २०१६ धरतो. बुटीबोरीवाले भाऊ, राख आणि उष्मांकाचं मला काही कळत नाही, रविवारी भेटता येईल का? सीताबर्डीला कुठेही.

बुटीबोरीवाला · बुधवार, सकाळी ९:२५

रविवारी माही शिफ्ट हाये. शनिवारी दुपारून ये, तक्ते छापून आन, मोबाइलवर मले दिसत नाही.